यादीच्या तळाशी पोचलो तरी पुढचं पान येत नाही, नाहीतर एकदम चार येतात: स्क्रोलचा शेवट ओळखताना

मोबाइल अ‍ॅपमधली लांब यादी सर्व्हरकडून पानापानाने मागवतात: वाचक तळाजवळ आला की पुढचं पान. हे बिघडलं की तक्रार साधारण तीन रूपांत येते. पहिलं रूप: यादी पार तळापर्यंत सरकवली तरी पुढची पानं येतच नाहीत. दुसरं: स्क्रीन उघडल्या उघडल्या, बोट लावायच्या आतच, पान दोन, तीन, चार धडाधड मागवली जातात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये विनंत्यांची रांग दिसते. तिसरं सगळ्यांत चकवतं: वीस-पंचवीस पानं सुरळीत येतात आणि मग यादी एका जागी अडते. थोडं वर जाऊन परत खाली आलं की पुन्हा चालू.

हा बग दुरुस्त होतो आणि दोन-तीन रिलीजनंतर परत येतो. कारण बहुतेक वेळा कोणीतरी मर्यादेचा (तळाच्या किती आधी पान मागवायचं याचा) आकडा ०.५ चा ०.२ करून, किंवा अर्ध्या सेकंदाचा टायमर लावून तो दाबलेला असतो. तळाशी पोचणं म्हणजे शेवटी तीन आकड्यांची तुलना: किती सरकलो, किती दिसतंय आणि एकूण मजकूर किती उंच आहे. यातला पहिलाच आकडा बोटाने बदलतो. उरलेले दोन बोट न लावताही बदलतात. चित्रं उशिरा उतरतात, कीबोर्ड उघडतो, फोन आडवा होतो, खाली गोल फिरणारा लोडर येतो आणि जातो. आपण तपासणी मात्र फक्त बोट हललं की करतो. वरच्या तिन्ही तक्रारींची मुळं बहुतेक वेळा इथेच सापडतात.

(फंक्शनची आणि गुणधर्मांची नावं पुढे जोडरेघ देऊन देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती सलग येतात. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, फ्लटर, जेटपॅक कंपोज, स्विफ्ट-यूआय आणि आयोनिक ही अ‍ॅप बनवायची साधनं, म्हणजे फ्रेमवर्क.)

आधी तीन आकडे छापा

काहीही बदलण्याआधी हे तीन आकडे लॉगमध्ये छापा. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये ऑन-स्क्रोलच्या इव्हेंटमध्ये कंटेंट-ऑफसेट, लेआउट-मेजरमेंट आणि कंटेंट-साइझ असे तिन्ही एकत्र मिळतात. फ्लटरमध्ये स्क्रोल-पोझिशनवर पिक्सेल्स, व्ह्यूपोर्ट-डायमेन्शन आणि मॅक्स-स्क्रोल-एक्स्टेंट असतात. मॅक्स-स्क्रोल-एक्स्टेंट ही एकूण उंची नव्हे, त्यातून दिसणारी उंची आधीच वजा झालेली असते. रिअ‍ॅक्टवरून आलेलं सूत्र फ्लटरमध्ये तसंच उतरवलं तर दिसणारी उंची दोनदा मोजली जाते आणि तळ एक स्क्रीन आधीच आल्यासारखा वाटतो. आयओएसवर कंटेंट-ऑफसेट, बाउंड्स आणि कंटेंट-साइझ.

सूत्र सगळीकडे एकच:

सरकलेलं अंतर + दिसणारी उंची ≥ एकूण उंची − सूट (सूट म्हणजे तळाच्या किती आधी "पोचलो" असं धरायचं ते अंतर)

आता आकडे वाचा. काहीच छापलं जात नसेल, तर लिसनर (स्क्रोल झालं की ज्याला हाक येते ते फंक्शन) चुकीच्या यादीला लावलाय, हलतंय दुसरंच काहीतरी. दिसणारी उंची आणि एकूण उंची सारखीच येत असेल, तर यादी दुसऱ्या स्क्रोलच्या पोटात बसली आहे. बेरीज एकूण उंचीच्या जवळ जाऊन काही दशांशांनी कमी पडत असेल, तर भानगड अपूर्णांकाची आहे. सरकवताना एकूण उंचीच मागेपुढे होत असेल, तर ती अंदाजाने काढलेली उंची आहे. एवढ्या वाचनातून बरीचशी प्रकरणं उलगडतात.

स्क्रोलच्या पोटात स्क्रोल

वर बॅनर, मग शोधपट्टी, मग यादी, आणि सगळं मिळून एकत्र सरकलं पाहिजे, अशी रचना जवळपास प्रत्येक अ‍ॅपमध्ये असते. सोपा वाटणारा मार्ग म्हणजे सगळं एका स्क्रोल-व्ह्यूमध्ये टाकणं. मग आतल्या यादीला उंचीची मर्यादाच उरत नाही. ती आपल्या सगळ्या ओळींएवढी लांब होते आणि स्वतः कधीच सरकत नाही.

याचे परिणाम फ्रेमवर्कप्रमाणे वेगळे दिसतात, म्हणून एकाच कारणाच्या तीन वेगळ्या तक्रारी येतात. रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या फ्लॅटलिस्टला (तिथल्या तयार यादीला) वाटतं की आपण सतत तळाशीच आहोत. पान आलं, उंची वाढली, तरीही तळाशीच, की पुढचं पान मागव. स्क्रीन उघडताच सगळी पानं उतरण्याचं हे नेहमीचं कारण. एकाच दिशेच्या साध्या स्क्रोल-व्ह्यूमध्ये अशी यादी ठेवू नका असा इशारा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह स्वतःच देतं. तो लपवण्याची सोय आहे म्हणून लपवू नका. फ्लटरमध्ये श्रिंक-रॅप चालू (यादी ओळींएवढी लांब) आणि नेव्हर-स्क्रोलेबल-स्क्रोल-फिजिक्स (तिचं स्वतःचं सरकणं बंद) अशी जोडी लावलेली असते. तिथे आतल्या यादीचा कंट्रोलर जागचा हलत नाही आणि लिसनरला कधीच हाक येत नाही. अँड्रॉइडवर नेस्टेड-स्क्रोल-व्ह्यूमध्ये रिसायकलर-व्ह्यू (पडद्याबाहेर गेलेल्या ओळी पुन्हा वापरणारी यादी) टाकला की आतला स्क्रोल-लिसनर निकामी होतो, शिवाय सगळ्या ओळी एकाच वेळी तयार होऊन पुनर्वापराचा मूळ हेतूच बुडतो. जेटपॅक कंपोज या बाबतीत मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. उभ्या सरकणाऱ्या कॉलममध्ये मर्यादा न देता लेझी-कॉलम (दिसणाऱ्या ओळीच तयार करणारी यादी) ठेवला तर ते सरळ अपवाद फेकून अ‍ॅप बंद पाडतं, आणि चूक पहिल्याच दिवशी कळते.

उपाय सगळीकडे सारखाच: सरकणारी गोष्ट एकच ठेवा आणि बॅनर वगैरे तिच्या आत घ्या. फ्लॅटलिस्टला लिस्ट-हेडर-कॉम्पोनंट आहे. फ्लटरमध्ये कस्टम-स्क्रोल-व्ह्यू आणि त्यात बसणारे स्लिव्हर (सरकणारे तुकडे) आहेत. रिसायकलर-व्ह्यूसाठी १.२.० आवृत्तीपासून कॉन्कॅट-अ‍ॅडॅप्टर मिळतो. वरचा भाग, यादी आणि खालचा लोडर हे तीन अ‍ॅडॅप्टर त्यात एकापुढे एक जोडता येतात.

फ्लॅटलिस्ट: मध्येच का अडते, दोनदा का बोलावते

इथे जरा थांबू या, कारण सर्वांत जास्त गोंधळ ऑन-एंड-रीच्डचा (तळ जवळ आला की फ्लॅटलिस्ट ज्याला हाक देते त्या फंक्शनचा) होतो.

पहिली गोष्ट मर्यादेची. ऑन-एंड-रीच्ड-थ्रेशोल्ड पिक्सेलमध्ये नसतो, दिसणाऱ्या उंचीच्या पटीत असतो. ०.५ म्हणजे अर्धी स्क्रीन शिल्लक असताना हाक. तळाच्या पन्नास पिक्सेल आधी हाक यावी म्हणून कोणी ५० लिहिलं, तर त्याचा अर्थ पन्नास स्क्रीन आधी असा होतो. दिसणारी उंची ७०० असेल तर मजकूर ३५,००० च्या पुढे जाईपर्यंत यादी पानं मागवत राहील. शून्य ठेवलं तर प्रत्येक पानाला वाचक तळाशी टेकून वाट बघत बसतो. ०.५ ते १ च्या आसपास ठेवा आणि त्या आकड्याला पुन्हा हात लावू नका.

दुसरी गोष्ट आतल्या हिशोबाची, आणि ती समजली की निम्मी कोडी सुटतात. एकदा हाक दिली की फ्लॅटलिस्ट त्या वेळची एकूण उंची लक्षात ठेवते. तेवढ्याच उंचीला ती पुन्हा हाक देत नाही. वाचक मर्यादेच्या बाहेर वर गेला की ही आठवण पुसली जाते. आता दोन प्रसंग बघा.

खाली लोडर दाखवला. एकूण उंची लोडरएवढी वाढली. उंची बदलली म्हणून पुन्हा हाक. पान आलं, लोडर गेला, उंची पुन्हा बदलली, आणि अजून तळाजवळच असलो तर तिसरी हाक. एकच पान तीनदा का येतं याचं उत्तर असं स्वतःच्याच लोडरमध्ये दडलेलं असतं. तळाची जागा कायम एकाच उंचीची ठेवा. लोडर दिसो न दिसो, लिस्ट-फुटर-कॉम्पोनंटची चौकट तेवढीच राहू द्या.

दुसरा प्रसंग याच्या उलटा. कर्जत ते लोणावळा गाडी बोगद्यात शिरली, नेटवर्क गेलं, विनंती फसली. यादीची उंची जशीच्या तशी. फ्लॅटलिस्टच्या दृष्टीने या उंचीला हाक देऊन झाली आहे, ती पुन्हा देणार नाही. वाचक तळाशी अडकतो, आणि वर जाऊन परत आला तरच यादी हलते. सर्व्हरने दिलेल्या पानातल्या सगळ्या ओळी आपण गाळल्या (आधीच आलेल्या, किंवा वाचकाने लपवलेल्या), तरी हेच होतं: नवी ओळ नाही, उंची तीच, हाक नाही. म्हणून विनंती फसली की तळाशी "पुन्हा प्रयत्न करा" असं बटण दाखवा, आणि पान गाळून रिकामं निघालं तर पुढचं पान स्वतःहून मागवा. दोन्ही ठिकाणी स्क्रोलवर विसंबून चालत नाही.

तिसरी गोष्ट मराठी अ‍ॅप करणाऱ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. वेग वाढवायला गेट-आयटम-लेआउट देऊन प्रत्येक ओळीची उंची ठरावीक सांगतात. ही उंची बहुधा इंग्रजी मजकुराच्या डिझाइनवरून मोजलेली असते. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, म्हणून ओळीला उभी जागा जास्त लागते. शीर्षक दोन ओळींत मावेल असं धरलेलं असतं, ते तिसऱ्या ओळीवर जातं. सांगितलेली आणि खरी उंची जुळत नाही, न दाखवलेल्या ओळींची जागा चुकीची धरली जाते, यादीत पांढरे पट्टे दिसतात आणि एकूण उंची सरकता सरकता उड्या मारते. ओळींची उंची मजकुरावर ठरत असेल तर गेट-आयटम-लेआउट देऊच नका.

मजकूरच कमी असेल तर

पहिल्या पानात दहा ओळी. साध्या फोनवर त्या स्क्रीनच्या बाहेर जातात, सगळं नीट. टॅब्लेटवर किंवा उघडलेल्या फोल्डेबलवर दहाही ओळी वरच्या अर्ध्यातच मावतात. सरकायला काही नाही, म्हणून स्क्रोलची घटना नाही, म्हणून दुसरं पान नाही. "टॅबवर फक्त दहाच बातम्या दिसतात" ही तक्रार आली की दुसरीकडे शोधू नका.

फ्लॅटलिस्ट हे बऱ्यापैकी स्वतः सांभाळते. फ्लटरमध्ये स्क्रोल-कंट्रोलरचा लिसनर अशा वेळी गप्प बसतो. पान आल्यावर पुढची फ्रेम काढून होऊ द्या आणि मग एक्स्टेंट-आफ्टर (खाली किती शिल्लक आहे ते) तपासा, किंवा स्क्रोल-मेट्रिक्स-नोटिफिकेशन ऐका. मोजमापं बदलली की ती येते, बोट लागायची गरज नसते. रिसायकलर-व्ह्यूचा ऑन-स्क्रोल्ड मात्र मांडणीनंतर दिसणाऱ्या ओळी बदलल्या तरीही येतो, त्या वेळी सरकलेलं अंतर शून्य असतं. पुष्कळ कोडमध्ये "अंतर शून्याहून जास्त असेल तरच पुढे जा" अशी अट सुरुवातीलाच घातलेली सापडते. ती काढा.

याच्या दुसऱ्या टोकाला रिकामी यादी आहे. एकूण उंची शून्य असताना वरचं सूत्र खरं ठरतं, आणि पहिलं पान यायच्या आत दुसरं मागवलं जातं. पहिलं पान हातात येईपर्यंत तपासणीच सुरू करू नका.

अपूर्णांक आणि उसळी

४२० डीपीआयच्या अँड्रॉइड फोनवर घनतेचा गुणक २.६२५ असतो. हजार पिक्सेलला त्याने भागलं तर ३८०.९५२... असा आकडा येतो. अशा दोन आकड्यांची बेरीज तिसऱ्याशी तंतोतंत जुळेल ही अपेक्षाच चुकीची. अ‍ॅपमधल्या वेबव्ह्यूमध्ये (आतच वेबपान दाखवणाऱ्या भागात) तर स्क्रोल-टॉप अपूर्णांकात आणि स्क्रोल-हाइट, क्लायंट-हाइट पूर्णांकात येतात. बरोबरचं चिन्ह वापरू नका. एक-दोन एककांची सूट द्या. आयओएसवर यादी तळ ओलांडून उसळते आणि मागे येते, म्हणजे एकाच झटक्यात अट अनेकदा खरी होते. रीफ्रेश १२० हर्ट्झ असेल तर दर ८.३ मिलिसेकंदांना एक फ्रेम, आणि फ्रेमगणिक हाक. हे रोखायचं काम टायमरचं नाही, ते पुढच्या मुद्द्यात येतं.

अँड्रॉइडच्या कॅन-स्क्रोल-व्हर्टिकलीला १ दिला आणि उत्तर नकारार्थी आलं, की खाली सरकायला जागा नाही. आकडेमोड टळते. फक्त हे अगदी तळाशीच कळतं, त्यामुळे फीडसाठी उशीर होतो.

मागणीचा निर्णय स्क्रोलकडे देऊ नका

सर्वांत टिकाऊ दुरुस्ती ही. स्क्रोलने फक्त एवढंच सांगावं की आपण तळाजवळ आहोत. पान मागवायचं की नाही हे डेटाच्या स्थितीवरून ठरवा: मागणी चालू आहे, सगळं संपलं आहे, मागची मागणी फसली आहे, की मोकळे आहोत. मोकळे असू तरच मागवा. मग हाक एकदा आली काय आणि चाळीसदा आली काय, विनंती एकच जाते.

रिअ‍ॅक्टमध्ये "मागणी चालू" हे यूज-स्टेटमध्ये ठेवलं तर ते लगेच बदलत नाही. पाठोपाठ आलेल्या दोन हाकांना जुनंच मूल्य दिसतं आणि दोन्ही विनंत्या जातात. ते यूज-रेफमध्ये ठेवा, तिथे मूल्य लगेच बदलतं. "सगळं संपलं" हे पानात ओळी कमी आल्या यावरून ठरवू नका. सर्व्हर काही ओळी गाळत असेल तर मधलं पानही छोटं येतं. पुढे काही आहे की नाही हे सर्व्हरनेच स्पष्ट सांगायला हवं. पान क्रमांकाऐवजी शेवटच्या ओळीचा कर्सर (तिची ओळखखूण) पाठवा, नाहीतर वर नवी नोंद आली की सगळ्या ओळी एक घर खाली सरकतात आणि मागच्या पानाची शेवटची ओळ पुढच्या पानात पुन्हा दिसते.

नेटिव्ह अँड्रॉइडवर हे सगळं हाताने लिहू नये असं माझं ठाम मत आहे. पेजिंग ३ लायब्ररी या स्थिती सांभाळते. तिथे फक्त एक लक्षात ठेवा: पहिल्यांदा मागवलेल्या ओळी मूळ मांडणीत पानाच्या तिप्पट असतात. पानाला २० सांगितले आणि ६० आले, तर तो बग नाही. आयोनिकमध्ये इन्फिनिट-स्क्रोल वापरत असाल तर पान आल्यावर कम्प्लीट म्हणा, फसल्यावरही म्हणा. ते विसरलं की यादी कायमची थांबते.

फीडसाठी पिक्सेल मोजण्यापेक्षा ओळी मोजणं मला जास्त भरवशाचं वाटतं. शेवटची दिसणारी ओळ एकूण ओळींच्या शेवटच्या पाचांत आली की मागवा. रिसायकलर-व्ह्यूत फाइंड-लास्ट-व्हिजिबल-आयटम-पोझिशन, कंपोजमध्ये लेआउट-इन्फोमधल्या दिसणाऱ्या ओळींची यादी, आयओएसच्या टेबल-व्ह्यूत विल-डिस्प्ले. उंची अंदाजे असली तरी ओळीचा क्रमांक खरा असतो. फ्लटरची लिस्ट-व्ह्यू-बिल्डर न बांधलेल्या ओळींची उंची बांधलेल्यांच्या सरासरीवरून धरते, त्यामुळे तिथे आयटम-बिल्डरला आलेला क्रमांक बघणं सोपं पडतं. मात्र बिल्डरच्या आतून थेट सेट-स्टेट करू नका, मागणी फ्रेमनंतर पाठवा. स्विफ्ट-यूआयमध्ये शेवटच्या ओळीवर ऑन-अपिअर लावताना ती लेझी-व्ही-स्टॅकमध्ये आहे ना बघा. साध्या व्ही-स्टॅकमध्ये सगळ्या ओळी एकदमच "दिसतात".

वेबव्ह्यूमध्ये तळाशी एक रिकामा घटक ठेवून इंटरसेक्शन-ऑब्झर्व्हर लावण्याची पद्धत चांगली आहे, पण तिची एक खोड आहे. घटक दिसू लागला किंवा दिसेनासा झाला, तेव्हाच ती हाक देते. पान छोटं आलं आणि घटक स्क्रीनवरच राहिला, तर काहीच बदललं नाही म्हणून हाक नाही. पान मांडून झालं की घटकावरची नजर काढा आणि पुन्हा लावा. नव्याने लावताना पहिली स्थिती हमखास कळते.

गप्पांची स्क्रीन

चॅटमध्ये जुने निरोप वर असतात. फ्लॅटलिस्ट इन्व्हर्टेड केली किंवा फ्लटरमध्ये रिव्हर्स चालू केलं की यादीचा "शेवट" डोळ्यांना दिसणाऱ्या वरच्या टोकाला जातो. ऑन-एंड-रीच्ड तिथेच येईल आणि ते बरोबर आहे. अँड्रॉइडचा कॅन-स्क्रोल-व्हर्टिकली मात्र दिशा स्क्रीनवरचीच धरतो, म्हणून तिथे वर तपासायला −१ द्या.

"शेवटपर्यंत वाचल्यावर मान्य करा"

अटी-शर्तींच्या स्क्रीनवर बटण तळाशी पोचल्यावरच चालू होतं. इथे ओळींचा हिशोब उपयोगी नाही, पिक्सेलच मोजावे लागतात, आणि चुकीची किंमतही मोठी. फीड अडलं तर वाचक वैतागतो. बटण अडलं तर माणसाला खातंच उघडता येत नाही.

मजकूर स्क्रीनमध्ये मावला तर स्क्रोल होणार नाही आणि बटण कधीच चालू होणार नाही. एकूण उंची दिसणाऱ्या उंचीएवढी किंवा कमी असेल तर तळ आलाच असं धरा. पण ही तपासणी मजकूर येण्याआधी झाली, तर शून्य उंचीला तळ आला ठरतो आणि न वाचताच बटण खुलं होतं. मजकूर आला आणि फॉन्ट उतरला, मगच मोजा. "नोटो सान्स देवनागरी" किंवा "मुक्त" हा फॉन्ट नेटवरून मागवत असाल, तर तो येईपर्यंत दिसणाऱ्या फॉन्टची उंची वेगळी असते, आणि आधी मावलेला मजकूर नंतर मावत नाही. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये ऑन-कंटेंट-साइझ-चेंज आणि ऑन-लेआउट या दोन्हींतून तीच एक तपासणी बोलवा.

स्क्रीन-रीडर वापरणारा माणूस एका घटकावरून पुढच्या घटकावर जातो. त्याच्यासाठी बटण मुकं ठेवू नका. ते का बंद आहे हे बोलून कळलं पाहिजे आणि तळाशी नेणारी एखादी कृती हाताशी पाहिजे.

रिलीजआधी तपासताना अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करून बघा. अँड्रॉइड १४ पासून तो २०० टक्क्यांपर्यंत जातो. मग फोन आडवा करा, कीबोर्ड उघडा, पान येत असताना विमान मोड लावा आणि काढा. यादीत शून्य ओळी, एक ओळ, आणि बरोबर एका पानाएवढ्या ओळी असे तीन डेटा ठेवा. पानाला २० ओळी असतील आणि सर्व्हरवर नेमक्या २० असतील, तर दुसरी मागणी रिकामी येते. त्या वेळी लोडर फिरत राहतो का, हे नक्की पाहा.